आउटलँडरच्या दुष्काळात काय काय पाहिलं, आणि एका सबटायटलने कसा जीव खाल्ला

आउटलँडर या सिरीजच्या सातव्या सीझनचे पहिले आठ भाग ऑगस्ट २०२३ मध्ये संपले आणि पुढचे आठ आले नोव्हेंबर २०२४ ला. सव्वा वर्ष! एका सीझनच्या मध्यंतराला सव्वा वर्ष लागतं होय? या थांबण्याला आउटलँडरचे फॅन ड्रॉटलँडर म्हणतात, ड्रॉट म्हणजे दुष्काळ, आणि खरंच दुष्काळच होता तो, रात्री जेवणं आवरून सोफ्यावर बसलं की काय लावायचं तेच कळायचं नाही.

ज्यांनी पाहिली नाहीये त्यांच्यासाठी सांगते. १९४५ साली क्लेअर नावाची एक इंग्लिश नर्स नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला फिरायला जाते, तिथे उभ्या शिळांचं एक रिंगण असतं, त्यातल्या एका शिळेला हात लावते आणि पडते ती थेट १७४३ मध्ये. पुढे १७४६ ला कलोडनची लढाई होणार आणि हायलँडवाल्यांची, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांची, धूळधाण उडणार हे तिला माहीत असतं, त्यामुळे ती लढाई टाळता येते का यासाठी सगळी धडपड. आपल्याला पानिपत जसं लागतं तसं त्यांना कलोडन. नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचली असेल तर ‘तेव्हा जरा वेगळं झालं असतं तर’ ही हुरहूर काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

तर ‘यासारखं काय आहे’ म्हणून शोधलं की सगळीकडे तीच तीच यादी येते. मीही भाबडेपणाने वरून सुरुवात केली. टाइमलेस लावली, मशीनमध्ये बसून दर भागात वेगळा काळ, मजा येते, पण ती २०१७ ला बंद केली, तीन दिवसांत परत चालू केली, २०१८ ला पुन्हा बंद केली आणि मग लोकांनी बोंबाबोंब केल्यावर त्या डिसेंबरमध्ये दोन तासांचा शेवट दाखवला. म्हणून आधीच सांगते, कुठलीही सिरीज धरायच्या आधी तिला धड शेवट आहे का ते बघा. ट्वेल्व्ह मंकीजला आहे, चार सीझन, ४७ भाग, गोष्ट नीट पूर्ण करतात. डार्क तर नवऱ्यानेच पळवली, त्या जर्मन गावात ३३ वर्षांच्या फेऱ्यात कोण कोणाचा बाप आणि कोण कोणाची आजी हे कळावं म्हणून त्याने वहीत वंशावळ काढली, आमच्या घराण्याचा कुलवृत्तांतसुद्धा त्याने कधी उघडून पाहिला नसेल. कोरियन सिग्नलही पाहिली, त्यात कोणी कुठे जात नाही, फक्त एका वॉकीटॉकीवर आधीच्या काळातला पोलीस बोलतो. सोळाच भाग. कोरियन नको असेल तर तिच्यावरूनच केलेली हिंदी ग्यारह ग्यारह २०२४ मध्ये आलीये.

सगळ्या चांगल्या आहेत हो, पण भूक काही भागेना. आणि मग एक दिवस डबा भरताना ट्यूब पेटली की मला टाइम मशीन वगैरे नकोच आहे. मला आवडतं ते क्लेअरचं नर्सपण. पाचव्या सीझनमध्ये ती बुरशी वाढवून पेनिसिलिन करायला बसते ना, ते. फ्लेमिंगला ते सापडायला १९२८ उजाडायचंय आणि ही बाई अठराव्या शतकातल्या नॉर्थ कॅरोलिनात स्वयंपाकघरात बशा मांडून बसलीये. तुम्हालाही शोधायचं असेल तर ‘टाइम ट्रॅव्हल’ असं शोधूच नका, आपल्याला नक्की कुठला सीन परत परत बघावासा वाटतो तो आठवा आणि त्यावरून शोधा.

तसं शोधल्यावर पाच मिनिटांत जिन मिळाली. जपानी, पहिला सीझन २००९, दुसरा २०११, दोन्ही अकरा अकरा भागांचे. मेंदूची ऑपरेशनं करणारा आजचा डॉक्टर १८६२ च्या एदोमध्ये, म्हणजे जुन्या टोकियोत जाऊन पडतो, तिथे कॉलऱ्याची साथ येते आणि हा पठ्ठ्यासुद्धा बुरशीपासून पेनिसिलिन करतो! मी अक्षरशः टाळी वाजवली.

आणि इथून माझे भोग सुरू झाले.

ज्या अॅपवर ती होती त्याचं नाव घेत नाही, वर्षाचे पैसे भरून मोकळी झाले होते. पहिला भाग एकदम मस्त गेला. दुसऱ्या भागापासून सबटायटल संवादाच्या आठ-नऊ सेकंद आधी यायला लागलं. म्हणजे पेशंट अजून डोळे मिटून पडलाय, डॉक्टर नाडी बघतोय, सगळे गप्प, आणि खाली लिहून आलं ‘गेला तो’. भविष्य आधीच कळायचं, विषयाला धरूनच म्हणा. सासूबाई शेजारी मटार सोलत बसलेल्या, त्यांना काही ते भराभर वाचता येत नाही, त्या म्हणाल्या, ‘अगं, तो बोलायच्या आधीच तू कशी रडतेस?’

कस्टमर केअरच्या चॅटवर गेले. आधी बॉट. कॅशे क्लिअर करा. केलं. अॅप काढून परत टाका. टाकलं, आणि टीव्हीच्या रिमोटने पासवर्ड टाइप करणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. इंटरनेटचा स्पीड किती? अहो स्पीडचा काय संबंध, चित्र चाललंय, आवाज चाललाय, फक्त अक्षरं पुढे पळतायत. मग तिकीट नंबर मिळाला आणि ४८ तास थांबा. तिसऱ्या दिवशी मेल, ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’. टीव्ही लावला, समस्या आपली जागच्या जागी. परत चॅट, परत बॉट, परत कॅशे. या वेळी माणूस आला आणि म्हणाला स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवा. आता या अॅपवर रेकॉर्डिंग केलं की चित्र काळं येतं, कॉपी होऊ नये म्हणून त्यांनीच केलेली सोय, आणि हेच म्हणतायत रेकॉर्डिंग पाठवा! शेवटी टीव्हीसमोर फोन धरून व्हिडिओ काढला, त्यात कुकरच्या दोन शिट्ट्याही आल्या, तर फाइल पाच एमबीपेक्षा मोठी म्हणून जाईना. कापून कापून वीस सेकंदांची पाठवली. उत्तर आलं, ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’.

तीन आठवडे गेले यात. मी तर रागाने जपानी शिकायच्या बेताला आले होते.

सुटलं कसं ते ऐका. एक दिवस रिमोट सासूबाईंच्या हातात होता. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागच्या भागात काय झालं ते दाखवतात, आणि मी सवयीने ‘स्किप’ दाबते, दोन मिनिटं कोण बघणार. त्यांनी काही दाबलं नाही, त्यांना ते बघायचंच असतं. आणि त्या दिवशी सबटायटल बरोब्बर! पुढचा भाग मी स्किप दाबून लावला, परत आठ-नऊ सेकंद पुढे. म्हणजे स्किप केलं की अक्षरं चित्रापेक्षा जास्तच उडी मारायची, एवढंच. पहिल्या भागाला मागचा भाग नसतो म्हणून तो नीट गेला होता. कस्टमर केअरच्या एकाही माणसाने मला विचारलं नाही की बाई तुम्ही स्किप दाबता का. माझ्या घाईचा भाग होताच त्यात, पण ते बटण तिथे ठेवलंय कशाला मग?

त्यानंतर सासूबाई आणि मी रोज एक भाग, न चुकता. आउटलँडर त्यांच्याबरोबर बघता येत नाही, का ते बघणाऱ्यांना माहितीये, दर दहा मिनिटांनी रिमोट शोधावा लागतो. जिनमध्ये तसलं काही नाही, फक्त रक्त आणि टाके, आणि ते त्या मन लावून बघतात. २२ नोव्हेंबरला आउटलँडर परत आली तेव्हा आमचे जिनचे तीन भाग उरले होते. सव्वा वर्ष वाट बघितली होती, अजून तीन दिवस थांबले.

अरे हो, एक राहिलंच. असं एका सिरीजसाठी अॅप घेतलं तर अॅपमधून रद्द करून सोडून देऊ नका, यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे वेगळं बंद झालंय का तेही बघा. माझं चालूच होतं, पुढच्या वर्षाचे पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज आला म्हणून वाचले.