तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन चालू असूनही विमान उठत का नाही?

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची गवताळ धावपट्टी पुण्यात बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. म्हणूनच की काय, गवतावरून उडताना एखादं छोटं खासगी विमान पडल्याची बातमी आली की प्रश्न येतोच: "इंजिन बंद पडलं असणार ना?" ग्लायडरचं वेगळं, त्याला विंच ओढून वर नेते. स्वतःच्या ताकदीवर उडणारं विमान मात्र इंजिन ठणठणीत असतानाही पडू शकतं, आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा हिशोबात होते.

सेस्ना १७२ एस हे चार आसनी छोटं विमान घ्या. पूर्ण वजन, समुद्रसपाटी, १५ अंश तापमान, कोरडी पक्की धावपट्टी. अशा वेळी जमिनीपासून १५ मीटर उंची गाठायला तिला साधारण ५०० मीटर लागतात. पुणे आहे सुमारे १९०० फुटांवर. त्या उंचीवर हिशोबासाठी धरलेलं प्रमाण तापमान ११ अंश, पण पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दुपारी २८ सहज असतं. हवा विरळ झाली की पंख, प्रोपेलर आणि इंजिन, तिघांचंही बळ घटतं. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचे ढोबळ गुणक असे: दर १००० फुटांना १.१, दर १० अंशांना १.१. इथेच ५०० चे ७०० मीटर झाले. ओल्या गवताचा गुणक १.३, म्हणजे ९१०. वर सुरक्षिततेचा १.३३ धरला की १२००च्या पुढे. हे वाढीचे टक्के बेरजेने धरायचे नसतात, गुणक एकमेकांना गुणायचे असतात. बेरीज करणारा स्वतःला फसवतो.

शिवाय १.३ हा गुणक २० सेंटिमीटरपर्यंतच्या गवताचा आणि टणक जमिनीचा. आपल्याकडची काळी माती वरून हिरवीगार, सुकलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते. म्हणून धावपट्टी शेवटपर्यंत चालून पाहायची, जागोजागी टाच दाबून. टाच रुतली तर चाकही रुतणार. चाकांवरच्या आवरणांत चिखल-गवत गच्च बसलं की चाक जड फिरतं, आणि कॉकपिटमधून ते कळतही नाही.

आता अपघात कसा घडतो ते पाहा. वेग रेंगाळतो, समोरचं कुंपण मोठं दिसू लागतं आणि पायलट योक, म्हणजे नाक वर-खाली करणारं हातातलं चाक, ओढतो. विमान उचललंही जातं, कारण जमिनीलगत, पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत, पंखांमुळे होणारा अवरोध कमी असतो. याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. पण हा आधार उसना असतो. थोडं वर गेलं की अवरोध वाढतो, वेग वाढेनासा होतो. झाड चुकवायला नाक आणखी वर, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, भोंगा, आणि एक पंख खाली.

बरोबर रीत अशी: फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) १० अंश, गवतावर न थांबता सलग धाव, योक मागे धरून पुढच्या चाकावरचा भार हलका करायचा. चाकं सुटली की नाक हलकेच खाली करून मीटरभर उंचीवर सरळ उडायचं. ६२ नॉट (ताशी सुमारे ११५ किलोमीटर) झाल्याशिवाय चढायचं नाही.

आणि धावपट्टीच्या मध्यावर ठळक खूण हवी. तिथे उड्डाणवेगाच्या ७० टक्के, म्हणजे ५५ नॉटसाठी ३९, गाठले नसतील तर थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) बंद. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ०.७ चा वर्ग साधारण अर्धा, म्हणून अर्ध्या अंतरावर ७० टक्के. ओल्या गवतावर ब्रेक फारसे धरत नाहीत, तेव्हा हा निर्णय त्या खुणेवरच व्हायला हवा, पुढे नाही.

उशिरा थांबलेलं विमान चरात जाऊन पुढचं चाक मोडतं आणि प्रोपेलर मातीत घुसतो. नंतर इंजिन सुरळीत सुरू झालं तरी ते उघडून क्रँकशाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा मुख्य दांडा, तपासल्याशिवाय पुन्हा उडायचं नाही. त्यात बारीक तडा गेलेला असू शकतो.