बिनचाकांचा पट

"सारं ठीक आहे, पण हे गाडी ओढते कोण?" मामाजींनी विचारलं.

नवतपाचा तिसरा दिवस होता. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, खिडकीत कूलरची घरघर, आणि मी सोफ्यावर पाय वर घेऊन 'वाइपआउट' हा शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळत बसलेलो. टीव्हीवर चाकं नसलेली एक चपटी, टोकदार गाडी जमिनीपासून हातभर वर तरंगत बोगद्यातून सुसाट निघाली होती. मामाजी हिंगणघाटकडचे. गुडघा दाखवायला नागपूरला आले होते आणि डॉक्टरांची वेळ संध्याकाळची होती. दुपारभर करायचं काय, म्हणून ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"कोणी ओढत नाही मामाजी. ही २०४८ सालची गाडी आहे."

"मंग ठीक. तवा मी काही नसतो. तू पाह्यजो."

चव्वेचाळीस वर्षांचा, केसांत रुपेरी झाक आलेला माणूस भरदुपारी असले खेळ खेळतो, यावर आमच्या घरात बरंच बोलून झालं आहे. बायकोने विषय सोडून दिला. मुलगी अधूनमधून येते, माझी वेळ मोडते आणि अभ्यासाला निघून जाते. पण मामाजींचा प्रश्न डोक्यात राहिला. गाडी ओढतं कोण, हे मला माहीत नव्हतंच. मला त्या गाडीकडे कोण ओढतं, हेही कधी नीट पाहिलं नव्हतं.

सुरुवात झाली धरमपेठेतल्या एका गाळ्यात. साल सत्त्याण्णव असेल. तासाला वीस रुपये. तीन टीव्ही, तीन प्लेस्टेशन, आणि त्यांतलं एक कायम उलटं ठेवलेलं. ते उलटं का, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. त्या सुरुवातीच्या मशीनमध्ये सीडी वाचणारा भाग तापून, झिजून जागचा हलायचा आणि खेळ मध्येच अडकायचा. मशीन पालथं घातलं की पुन्हा वाचायला लागायचं. नागपूरच्या मे महिन्यात तर ते अकरा वाजताच पालथं पडायचं. गाळ्याचा मालक हातात घड्याळ घेऊन मागे उभा. लाइन गेली तर वेळ थांबायची, मशीन अडकलं तर थांबायची नाही, असा त्याचा कायदा. या अन्यायाबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

तिथे पहिल्यांदा 'वाइपआउट २०९७' पाहिला. मूळ 'वाइपआउट' १९९५ साली आला, प्लेस्टेशन युरोपात आलं त्याच सुमारास, आणि हा दुसरा भाग १९९६ चा. लिव्हरपूलच्या सिग्नोसिस नावाच्या कंपनीने केलेला. गाड्यांवरच्या खुणा, अक्षरं, रंग हे सगळं शेफील्डच्या 'द डिझायनर्स रिपब्लिक' या संस्थेचं, आणि कानात इंग्लंडच्या नाइटक्लबांतलं धडधडतं इलेक्ट्रॉनिक संगीत. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच कळायचं, की यातला एक ट्रॅक नेपाळातला आहे, त्याचं नाव 'सगरमाथा' आहे आणि तिथे बर्फ आहे. बाहेर डांबर वितळतंय, चपला रस्त्याला चिकटताहेत, आणि आम्ही चौघं वीस रुपयांत हिमालयातून उडतोय. भविष्यकाळ म्हणजे काय, असं कुणी तेव्हा विचारलं असतं तर मी गारवा असं उत्तर दिलं असतं.

या जातीचा आद्य खेळ त्याहून जुना. निन्टेन्डोचा 'एफ-झिरो', १९९०. तेव्हाच्या यंत्राला खरा त्रिमिती रस्ता काढता येत नव्हता. म्हणून त्यांनी अख्ख्या ट्रॅकचं सपाट चित्र घेतलं, ते पाटासारखं तिरकं केलं आणि गाडीखाली फिरवलं. गाडी जागेवरच, पळतो तो नकाशा. पण मला त्याच्या १९९८ च्या भावंडाबद्दल, 'एफ-झिरो एक्स'बद्दल जास्त जिव्हाळा आहे. त्यात एकाच वेळी तीस गाड्या पळतात आणि पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. त्या काळच्या यंत्राला हे झेपणारं नव्हतं. मग करणाऱ्यांनी काय केलं, तर आजूबाजूची सजावट काढून टाकली. गाड्या साध्या, रस्ता साधा, मागचं शहर नावापुरतं. सगळं विकून टाकलं आणि वेग तेवढा ठेवला. घर विकून बैलजोडी घेणारी माणसं आमच्या आजोळी होती, त्यांना हा व्यवहार लगेच पटला असता.

त्याच खेळात आणखी एक खोडी आहे. पहिली फेरी संपली की तुम्हाला जास्तीचा वेग घेता येतो, पण त्याचं इंधन वेगळं नसतं. गाडीचा जीव दाखवणारी जी पट्टी असते, तीच जळते. म्हणजे शेवटच्या वळणावर पुढे जायचं असेल तर स्वतःला जाळूनच, आणि मग नुसती भिंत लागली तरी खेळ खलास. आठवडाभराची झोप जाळून मार्चएंडला ऑफिसात पुढे गेलेला माणूस मला दरवर्षी दिसतो. त्याला बटण मात्र दिसत नाही.

खरं सांगायचं तर वेग हा भलताच फसवा प्रकार आहे. समृद्धी महामार्गावर मी ताशी १२० ने गेलो आहे, कायद्यात बसून. रस्ता रुंद, आजूबाजूला काही नाही, दूरवर एखादी टेकडी अर्धा तास तशीच उभी. दहा मिनिटांत वेग नाहीसा होतो, उरते ती जांभई. उलट नागपूरच्या जुन्या महाल भागात, बडकस चौकातून एखाद्या अरुंद गल्लीत स्कूटर तीसने घालून पाहा. दोन्ही बाजूंना ओटे, कुणाची वाळत घातलेली चादर कानाला लागून जाते, आणि आपण विमान चालवतोय असं वाटतं. डोळ्याला वेग आकड्यातून कळत नाही. जवळची वस्तू किती झपाट्याने मागे गेली, यावर तो वेग मोजतो.

हे खेळ करणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून भिंती अगदी अंगाला आणून ठेवतात, त्यांवर पट्टे ओढतात, ठरावीक अंतरावर कमानी उभ्या करतात, नजर जमिनीला टेकवतात. जास्तीचा वेग घेतला की दृश्य कडांकडे ताणलं जातं आणि आपण सोफ्यावर मागे रेलतो. पडद्यावर ताशी आठशे लिहिलेलं असेलही, पण पोटात खड्डा पडतो तो महालातल्या गल्लीमुळे.

आता एक साधा हिशेब. गाडी ताशी ७२० किलोमीटरने जातेय असं धरा. या वेगाने नागपूर ते मुंबई हे समृद्धीचे ७०१ किलोमीटर तासाच्या आत संपतील. म्हणजे सेकंदाला २०० मीटर. समोर काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे. याचा अर्थ वळण दिसल्यावर वळलात तर तुम्ही आधीच भिंतीत आहात. वळण दिसायच्या आधी वळायला हवं.

आणि हे जमतं! पहिल्या दिवशी माणूस भिंतीभिंतीवरून ठेचकाळत जातो. दहाव्या दिवशी बोटं आपली आपण वळतात. प्रतापनगरहून बर्डीला मी वीस वर्षं जातो आहे. कुठला गतिरोधक रंग नसलेला आहे, कुठे सिमेंट रोड संपून डांबराला पायरी आहे, कुठल्या कोपऱ्यावर उलट्या बाजूने एक ऑटो येणारच आहे, हे डोळ्यांना विचारावं लागत नाही. ट्रॅकचं तसंच होतं. मग मधे एखादी फेरी अशी येते, की मन पार मोकळं असतं. कानात आवाज आहे पण ऐकू येत नाही, गाडी पुढच्या वळणावर पोचली आहे आणि आपण अजून मागच्यावर निवांत बसलो आहोत. दीडेक मिनिटाची शांतता. मला हवी असते ती हीच, आणि ती स्लो मोडमध्ये मिळत नाही, मी पाहिलं आहे. सावकाश चाललं की डोक्यात लगेच मालमत्ता कर येतो.

हे मामाजींना समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. मी फक्त कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो चष्म्याची डबी धरावी तसा धरला. पहिल्याच वळणावर गाडी भिंतीला घासली. मी म्हटलं, "मामाजी, मागच्या बाजूला, दोन्ही बोटांखाली दोन बटणं आहेत ना, ते एअरब्रेक. डावं दाबलं की गाडीची डावी बाजू अडते, म्हणून ती डावीकडे वळते. उजवं..."

"थांब बे," मामाजी म्हणाले. "कासरा आहे हा."

मामाजी तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धुरकरी, म्हणजे छकडी हाकणारे, होते हे मला ऐकून माहीत होतं. नुसत्या हलक्या छकडीवर उकिडवं बसायचं, समोर सरळ रस्ता, बाजूला माणसांच्या भिंती आणि घड्याळ लावून बसलेले पंच. पटात वळण नसतं, मग कासऱ्याचं काम काय, असं मला वाटायचं. त्या दुपारी कळलं. दोन बैल कधीच सारखे पळत नाहीत. डावा जास्त ओढायला लागला की छकडी उजवीकडे, माणसांत जाते. तेव्हा डाव्याचा कासरा किंचित ओढायचा. पूर्ण ओढला तर वेळ गेली, नाही ओढला तर कुणाचा तरी पाय गेला. "आन् हे ध्यानात येऊन मंग ओढनारा धुरकरी कामाचा नाही," मामाजी म्हणाले. "बैलाच्या पाठीवरूनच समजते, आता हा सुटनार." पाव सेकंदाचा माझा हिशेब त्यांनी कागदाशिवाय केला होता.

२०१४ साली सुप्रीम कोर्टाने या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा ते पंचवीस मैलांवरच्या एका पटाला पंच म्हणून जात. २०२३ मध्ये कोर्टाने राज्याचा कायदा मान्य केला, पट रीतसर सुरू झाले, पण तोवर गुडघा गेला होता.

दुसऱ्या फेरीत ते बरे गेले. तिसऱ्या फेरीत थांबले आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. "मधातच कोन ओढून राहिला याले?"

मी चोरून पायलट असिस्ट सुरू केला होता. गाडी भिंतीजवळ गेली की खेळ तिला हळूच आत ढकलतो, नवख्यांच्या सोयीसाठी. मला वाटलं, त्यांना कळणार नाही.

"बंद कर ते. माह्या छकडीवर दुसरा मानूस नाही पाह्यजे."

बंद केलं. मग त्यांनी सहा वेळा भिंत धरली, तोंडाने "हो… हो… हो रे बाळा" असं त्या २०४८ च्या गाडीला चुचकारलं, आणि सगळ्यांत शेवटी पोचले. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. तिने वहीच्या मागच्या पानावर त्यांची वेळ लिहून ठेवली. संध्याकाळी डॉक्टरांनी गुडघ्याला विश्रांती सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मामाजी गावी गेले.

आठ दिवसांनी फोन आला. आधी पावसाचं झालं. आकाश भरून येते आणि निघून जाते, पऱ्हाटी लावावी की थांबावं. मग गुडघ्याचं. मग फोन ठेवायच्या बेतात होते तेवढ्यात आवाज जरा खाली आला.

"बाबू, त्या तिसऱ्या वळनावर डावीकडे जाते ना रस्ता, बोगदा संपल्या संपल्या? तिथं म्या कासरा उशिरा ओढला."