रोजची गोळी आणि महिन्याचे इंजेक्शन

व्यसनमुक्तीच्या उपचारात औषध निष्प्रभ ठरण्यापेक्षा ते घेतलेच न जाणे ही अडचण अधिक मोठी असते. नाल्ट्रेक्सोनची गोळी मेंदूतील ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे हेरॉइन-अफूसारखी द्रव्ये (ओपिऑइड) जिथे चिकटतात ती ठिकाणे, अडवून धरते, त्यामुळे दारूची लज्जत कमी होते आणि हेरॉइनची नशा तर चढतच नाही. पण तलफ अनावर होते नेमक्या त्याच दिवशी ती गोळी डबीत पडून राहते. दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनामुळे रोज नव्याने करावा लागणारा निर्धार महिन्यातून एकदाच करावा लागतो, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल यातच आहे.

नाल्ट्रेक्सोनच्या अशा इंजेक्शनाला, म्हणजे व्हिव्हिट्रॉलला, अमेरिकेत २००६ मध्ये दारूच्या आणि २०१० मध्ये ओपिऑइडच्या व्यसनासाठी मंजुरी मिळाली. अतिसूक्ष्म गोलकांत भरलेले ३८० मिलिग्रॅम औषध दर चार आठवड्यांनी नितंबाच्या स्नायूत टोचतात. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यात असते त्याच जातीचे पॉलिमर या गोलकांत असते आणि ते जसजसे झिजते तसतसे औषध रक्तात उतरते. ओपिऑइडच्या रुग्णाला मात्र आधी ७ ते १० दिवस नशेपासून पूर्ण दूर राहावे लागते, अन्यथा विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, एकाएकी उसळतो. बरेच जण इथेच गळतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका अमेरिकी चाचणीत व्हिव्हिट्रॉलच्या गटातील २८ टक्के रुग्णांचे उपचार सुरूच होऊ शकले नाहीत, जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या (स्वतः अंशतः ओपिऑइडसारखे काम करून तलफ शमवणाऱ्या औषधाच्या) गटात हे प्रमाण ६ टक्के होते. एकदा उपचार सुरू झाल्यावर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच दिसला.

म्हणूनच ओपिऑइडसाठी मला ब्युप्रेनॉर्फिनचे मासिक इंजेक्शन अधिक व्यवहार्य वाटते. २०१७ मध्ये मंजूर झालेले सब्लोकेड पोटाच्या त्वचेखाली टोचले की तेथील द्रवांशी संपर्क येऊन घट्ट होते आणि त्याची गाठ काही आठवडे बोटाला लागते. हेच द्रावण शिरेत गेले तर जीवघेणे ठरू शकते, त्यामुळे ते रुग्णाच्या हाती दिले जात नाही. त्याआधी दंडात बसवायच्या सहा महिन्यांच्या कांड्याही आल्या होत्या, पण बसवताना आणि काढताना छोटी शस्त्रक्रिया लागे.

नाल्ट्रेक्सोनचा असर ओसरल्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीच्याच मापाने घेतलेल्या हेरॉइनने श्वास थांबू शकतो. पुढच्या इंजेक्शनाची तारीख चुकल्यास केंद्राने रुग्णाची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा, आणि घरच्यांकडे नालोक्सोन, म्हणजे ओपिऑइडच्या अतिमात्रेवरचा उतारा, आधीच देऊन ठेवावे.