‘वर्ल्ड कल्चर्स’ विषयाचे एक वर्ष: माझा अनुभव

नववीत शाळेने एक ऐच्छिक विषय निवडायला सांगितला, तेव्हा मी ‘वर्ल्ड कल्चर्स’, म्हणजे जागतिक संस्कृती, हा विषय घेतला. बडोद्यातील आमची शाळा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची होती. बोर्डाच्या शाळांत शिकणाऱ्या माझ्या चुलत भावंडांना हा विषय नव्हता, त्यामुळे त्यात नेमके काय असते हे घरात कोणालाच विचारता आले नाही. देशांच्या राजधान्या, सणवार, वेशभूषा आणि खाद्यपदार्थ पाठ करायचे, एवढीच माझी समजूत होती. यंदा दांडिया बाजारातील आमच्या ओळखीच्या दोन मुली हाच विषय घेत आहेत आणि त्यांच्या आयांनी माझ्याकडे चौकशी केली, म्हणून ते वर्ष जसे गेले तसे लिहीत आहे.

पाठांतराचा भाग लवकर सांगून टाकते. दर पंधरवड्याला नकाशाची छोटी परीक्षा असे. आफ्रिका खंडातील 54 देश एका बैठकीत पाठ होत नाहीत, म्हणून रोज पाच-सहा देश कोऱ्या नकाशावर भरावेत, तेवढे पुरते.

खरा कस निबंधांत लागतो. माझा पहिला निबंध आफ्रिकेतील लोकजीवनावर होता. दोन पाने मी मन लावून लिहिली होती, तरी 20 पैकी 7 गुण मिळाले. ‘आफ्रिकेतील लोक निसर्गाच्या सान्निध्यात साधे जीवन जगतात’ या माझ्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात प्रश्न होते: कोणते लोक? कोणत्या देशातील? कोणत्या काळातील? हे तुला कुठून कळले? मला फार वाईट वाटले. मधल्या सुट्टीत मॅडमनी मला बोलावले आणि त्या वाक्यात आफ्रिकेच्या जागी भारत हा शब्द घालून ते मोठ्याने वाचायला सांगितले. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर रावपुऱ्यातील संध्याकाळची गर्दी आली आणि वाक्य पुरे करवेना. पुढच्या आठवड्यात त्यांनी 1324 साली हजला निघालेल्या मालीच्या सम्राट मन्सा मूसाबद्दल, तिथल्याच टिंबक्टू शहराच्या हस्तलिखितांबद्दल आणि नायजेरियातील आजच्या लागोस शहराबद्दल वाचायला दिले. तोच निबंध मी पुन्हा लिहिला, पण या वेळी फक्त पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली लोकांबद्दल. हे नावच ‘किनारे’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे, आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांवर गुजरातची गलबते त्या किनाऱ्याला जात व नैर्ऋत्य वाऱ्यांवर परतत, हे मला तेव्हा प्रथम कळले.

नवीन विद्यार्थ्यांनी हे आधीच गृहीत धरावे की या वर्गात प्रत्येक विधानाला आधार मागितला जातो, आणि तो आधार त्या काळातील माणसाचा की नंतर कोणी लिहिलेला, हेही सांगावे लागते. यासाठी आम्हांला कमाटीबागेतील संग्रहालयात नेले होते. सयाजीराव महाराजांनी उभारलेली ही इमारत 1894 सालची आहे आणि तेथील इजिप्तची ममी पाहायला बडोद्यातील प्रत्येक मूल कधी ना कधी गेलेले असते. मीही लहानपणी बाबांचा हात धरून ती पाहिली होती. या वेळी मात्र काम वेगळे होते: माहितीफलक अक्षरशः उतरवून घ्यायचा आणि तो काय सांगत नाही याची टिपणे काढायची. मृत माणसाचा देह असा काचेआड ठेवावा का, यावर दुसऱ्या दिवशी वर्गात दोन तास चर्चा झाली आणि एकमत झाले नाही. एकमत व्हावे अशी मॅडमची अपेक्षाही नव्हती. प्रत्येकाने आपले कारण नीट मांडावे, एवढेच त्या पाहत होत्या.

मला सर्वांत प्रिय झालेला स्वाध्याय घरातील एका पदार्थाचा होता. त्यातील प्रत्येक जिन्नस मुळात कुठला, हे शोधायचे होते. मी आजीची एकादशीची साबुदाण्याची खिचडी घेतली. साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतील, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीज पर्वतातील आणि मिरचीही अमेरिका खंडातीलच. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीपूर्वी यांतील एकही वस्तू आपल्याकडे असणे शक्य नव्हते. ओट्याशी उभी राहून मी हे आजीला सांगितले. ती भिजलेला साबुदाणा बोटांनी मोकळा करत होती. तिचा हात थांबला आणि तिने विचारले, ‘मग हे उपवासाला चालते, असे ठरवले कोणी?’ तिचा प्रश्न मी जसाच्या तसा निबंधात घेतला. उपवासाला धान्य वर्ज्य आणि कंदमुळे चालतात, म्हणून परक्या कंदांना स्वयंपाकघरात वाट मिळाली असावी, असे उत्तर मी मांडले आणि ते माझे अनुमान आहे, असे स्पष्ट लिहिले. त्या स्पष्टपणाचेच मला अधिक गुण मिळाले.

दुसऱ्या सत्रात धर्म आणि मृत्यूविषयीच्या प्रथा होत्या. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या 1 व 2 तारखेला मृत आप्तांसाठी त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात आणि झेंडूची फुले वाहतात, हे वाचून आमच्यापैकी अनेकांनी ‘हा तर आपला पितृपक्षच’ असे लिहून टाकले. तो उतावळेपणा होता. तिथे कबरींजवळ गाणी-वाद्ये असतात आणि आप्तांच्या येण्याचा आनंद असतो, तर आपल्याकडे त्या पंधरवड्यात शुभकार्येही टाळतात. साम्य जितक्या काळजीने लिहावे तितक्याच काळजीने फरकही लिहावा लागतो.

वर्षाअखेरीच्या प्रकल्पासाठी एका ज्येष्ठ व्यक्तीची मुलाखत घ्यायची होती. आमच्या शेजारच्या गुजराती बा पूर्व आफ्रिकेतील युगांडाच्या राजधानीत, कंपालात वाढलेल्या. 1972 साली तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस दिले, तेव्हा त्या इकडे आल्या. त्यांची लेखी संमती घेऊनच ध्वनिमुद्रण करायचे, असा शाळेचा नियम होता. ‘दीकरा, दुकानाला आम्ही तिकडेही दुकाच म्हणायचो,’ असे म्हणून त्या चाय, चपाती, किताबू, हेसाबू असे स्वाहिली शब्द सांगत गेल्या. यांतील किताब, हिशेब आणि दुकान हे शब्द अरबीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले, हे मी शब्दकोशातून पडताळून घेतले. प्रकल्प देण्याआधी मी तो बांना गुजरातीत वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी मला थांबवून दुरुस्ती सांगितली, आणि त्या दोन्ही मी त्याच रात्री मूळ प्रतीत करून घेतल्या.