ऑलिंपिक विरुद्ध यू-१०३ : चौथा आठवडा

आधी वाईट बातमी. मागच्या वेळी दाखवलेलं चित्रातलं अर्धं जहाज मी पॅलेट नाइफने खरवडून काढलंय.

नव्याने आलेल्यांसाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. १२ मे १९१८ची पहाट, इंग्लिश खाडी. टायटॅनिकची थोरली बहीण, म्हणजे ऑलिंपिक हे जहाज, अमेरिकन सैनिकांना घेऊन फ्रान्सकडे निघालेली. समोर पाचेकशे मीटरवर जर्मन पाणबुडी यू-१०३ दिसली. तोफा सुरू झाल्या, पाणबुडीने बुडी मारली, आणि कॅप्टन बर्ट्रम हेज यांनी जहाज सरळ तिच्यावर घातलं. डाव्या बाजूच्या पंख्याने (प्रोपेलरने) तिचं कवच चिरलं. मी रंगवतोय तो धडकेच्या जरा आधीचा क्षण: पाणबुडीचा मनोरा अजून पाण्यावर, मागून काळोखातून येणारी ऑलिंपिकची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक.

खरवडावं लागलं ते डॅझलमुळे, म्हणजे युद्धात जहाजांना दिलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या रंगामुळे. जहाजावरचे ते वेडेवाकडे पट्टे लपण्यासाठी नव्हतेच. जहाज कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललंय, याचा पाणबुडीवाल्याचा अंदाज चुकावा म्हणून होते. ही कल्पना नॉर्मन विल्किन्सन या सागरी चित्रकाराची. गंमत म्हणजे याच ऑलिंपिकच्या धूम्रपान कक्षात त्याचंच चित्र टांगलेलं होतं. तर मी हौसेने आधी पट्टे रंगवले. झालं! मुलीने पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हे येतंय की चाललंय?" विल्किन्सन खूश झाला असता.

आता उलटा क्रम धरलाय. आधी सगळं जहाज एकाच राखाडीत, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून. नाळेची धार, डेकच्या रेषा, चारही धुराड्यांचा कल नीट जुळला की मगच वरून पट्ट्यांचे पातळ थर. अंधार असल्याने पट्टे मुद्दाम विझवलेत. तोफेचा उजेड पडतो तेवढ्याच जागी पांढरं उठतं. काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून काम चाललंय, त्यामुळे निळ्याची छटा माझ्या मनाची आहे.

धूर पहिल्या तीन धुराड्यांतूनच काढा. चौथं बॉयलरचं नव्हतं, मुख्यतः हवा खेळवायला होतं. ही चूक मी पहिल्या आठवड्यात केली होती.

मापाचंही सांगतो. ऑलिंपिक २६९ मीटर, पाणबुडी सुमारे ६७. चार पाणबुड्या ओळीने लावल्या की एक जहाज. तरीही तिचा मनोरा मी जरा मोठाच ठेवलाय, कारण पाहणाऱ्याचा डोळा पाण्याच्या पातळीवर, तिच्या अगदी जवळ आहे. मागच्या पाणतीराच्या (टॉर्पेडोच्या) नळ्यांत वेळेत पाणी भरता आलं नाही म्हणून तिला वार करता आला नाही, हे वाचल्यापासून मला तिच्याकडून पाहावंसं वाटतंय.

नाळेखालचा फेस अजून जमत नाहीये. टिटॅनियम व्हाइट सरळ लावलं की साबणाचा फेस वाटतो. राखाडी थर वाळायला आठवडा तरी जाईल, तोवर जुन्या कागदावर नुसता फेस गिरवतोय.