रोज एक बॅटरी

आषाढी एकादशी झाली की आमचा धंदा बसतो. मी अंबाजोगाईत लग्नाचं शूटिंग करतो आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिथी नसतात. (हल्ली काही हौशी मंडळी चातुर्मासातही बार उडवतात, पण त्यांच्यावर घर चालत नाही.) म्हणजे चार महिने कॅमेरा घरी, लाइट घरी आणि मीही घरी. दर उन्हाळ्यात कुठल्या तरी मंडपात घाम पुसताना मी ठरवायचो, यंदाच्या पावसाळ्यात आपली स्वतःची शॉर्टफिल्म करायची. कुणाच्या मिनत्या करायच्या नाहीत. लिहायचं आपण, शूट आपण, एडिटिंग आपण.

गेल्या वर्षी एकदाचा बसलो आणि २१ दिवस एकही शॉट घेतला नाही.

रिकामा मात्र नव्हतो. लेन्स पुसल्या, मेमरी कार्डांवर मार्करने नंबर टाकले, लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टच्या फाइलचं नाव 'ड्रम फायनल' वरून 'ड्रम फायनल ७' वर नेलं. रात्री दुसऱ्यांच्या गिंबलचे, म्हणजे कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्याचे, व्हिडिओ बघायचे आणि सकाळी आभाळ भरून आलंय, आज उजेड नाही म्हणून चहा टाकायचा. लग्नात असं कधी होत नाही. तिथं डायरेक्टर भटजी असतात. 'मामा, मुलीला आणा' म्हटलं की मामाकडं वळायचं, 'सावधान' म्हटलं की अंतरपाटाकडं. शूटिंग जरा डावं झालं तरी लोक दहादा बघतात, कारण त्यात ते स्वतः असतात. माझ्या ड्रमची ऑर्डर कुणीच दिली नव्हती.

गोष्ट लातूरची होती. २०१६ च्या उन्हाळ्यात मी तिथं खोली करून राहत होतो. नळ बंद, सगळा हिशोब टँकरवर. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. घरमालकीण काकूंनी दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमला साखळी घालून कुलूप लावलं होतं. आम्हा पोरांना रोजचं पाणी मोजून मिळायचं. माझी स्क्रिप्ट रेल्वे स्टेशनात शिरते तिथून सुरू होत होती. आता रेल्वे मी कुठून आणणार? तीही एकट्यानं? त्यात बाहेर श्रावण. आमच्या गावाजवळच्या मुकुंदराजांच्या दरीकडं जावं तर सगळा डोंगर हिरवागार, पाणी वाहतंय. दुष्काळाच्या पिक्चरला याहून वाईट लोकेशन मिळायचं नाही. उन्हाळ्यात करावा तर उन्हाळा लग्नांनी भरलेला. मी या पेचावर खूश होतो, खरं सांगायचं तर. अडचण एवढी पक्की असली की माणसाला आळशी म्हणता येत नाही.

तशात पाव्हणे आले. त्यांना गाव दाखवताना आमच्या गावचे जुने संतकवी दासोपंत यांचा विषय निघाला. आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट आहे की, दासोपंतांना लिहायला रोज ढब्बू पैशाची, म्हणजे त्या जुन्या जाड तांब्याच्या नाण्याची, शाई लागायची. गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिल्या, कागद पुरेना म्हणून की काय, कापडाच्या पासोडीवरही लिहिलं. ही गोष्ट मी लहानपणापासून 'बापरे, केवढी शाई' अशीच ऐकली होती. त्या दिवशी पाव्हण्यांना सांगता सांगता माझीच जीभ अडखळली. ढब्बू पैशाची, म्हणजे तेवढीच. दौत रिकामी झाली की उठायचं. आणि रिकामी होईपर्यंत उठायचं नाही.

माझ्याकडं तीन बॅटऱ्या आहेत. दोन आईच्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली तिच्याकडं दिली. तिसरी जुनी, जेमतेम पाऊण तास चालते. रोज ती एक संपवायची. काय शूट होतंय ते विचारायचं नाही.

पहिल्या दिवशी गच्ची, वाळत घातलेल्या गोधड्या आणि माझेच पाय. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांचं मांजर. सगळं भंगार. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, म्हणून न्हाणीघरातला ड्रम कॅमेऱ्यासमोर घेतला. ड्रम काय करणार? नुसता उभा. मग मी सहज बोटाच्या पेरानं वरून खाली ठोकत आलो. ढब, ढब, ढब, आणि एका जागी एकदम थप. तिथं पाणी सुरू होत होतं.

अंगावर काटा आला. काकू रोज रात्री असंच ठोकायच्या. झाकण न उघडता, अंधारात. पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या आम्हाला कळायचं, आज पाणी कुठवर आलंय. थप ऐकू येईपर्यंत कुणी कूस बदलत नसे. सात फायनली लिहिताना हे मला एकदाही आठवलं नव्हतं, कारण मी डोक्यात रेल्वे घेऊन बसलो होतो. त्या रात्री कॉलरला लावायचा छोटा लेपल माइक ड्रमला चिकटपट्टीनं लावून नुसते ठोके रेकॉर्ड केले. भरलेला, निम्मा, चार बोटं. मध्येच बॅटरी गेली तेव्हा पहिल्यांदा राग आला की उद्यापर्यंत थांबावं लागणार.

रेल्वे काढून टाकली. स्टेशन गेलं, गर्दी गेली, ऊनही गेलं. सगळा पिक्चर रात्रीचा, एका घरात. हिरवा डोंगर खिडकीबाहेर राहिला.

काकूंचं काम आईला दिलं. एकट्याच्या शूटिंगमध्ये फोकस फार छळतो. मी ड्रमजवळ स्टूल ठेवायचो, त्यावर घमेलं, घमेल्याच्या कडेवर फोकस लॉक करायचो, फरशीवर खडूची रेघ मारायचो आणि मग तिथं आईला उभं करायचो. आई रेघेवर उभी राहिली तर नशीब. अभिनय तिला येत नाही, मलाही करून घेता येत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं एका नटाचा तोच तो चेहरा एकदा सूपच्या ताटलीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडून दाखवला होता आणि लोकांना त्यात भूक, दुःख असं वेगवेगळं दिसलं होतं. त्याच्या भरवशावर आईला सांगितलं, नुसतं बघ. ती बघत राहिली. पुढं कुलूप जोडलं की ती खडूस दिसते, पोराचा सुकलेला तांब्या जोडला की कासावीस. प्रत्यक्षात ती गॅसवरच्या दुधाकडं कान देऊन होती.

तांब्यातून पाणी सांडतं त्या शॉटला तिसऱ्या टेकला ती अडून बसली.

"दुष्काळाच्या पिच्चरसाठी पानी सांडायलास व्हय रे?"

"आई, एकदाच अजून."

"मघाशीबी एकदाच म्हनलास. खाली बादली ठिव आधी."

बादली फ्रेममध्ये येत होती. मग बादलीसकट फ्रेम लावली. आता तो शॉट बघताना वाटतं, त्या उन्हाळ्यात सांडणाऱ्या पाण्याखाली बादली नसणं हीच चूक झाली असती. काकूंनी मला मारलंच असतं.

सव्वीस बॅटऱ्या लागल्या. पिक्चर नऊ मिनिटांचा झाला. मधली दोन मिनिटं ढिली आहेत, मला माहीत आहे.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तिथीला आईकडून किल्ली घेऊन तिन्ही बॅटऱ्या चार्ज केल्या आणि मंडपात गेलो. पण हात आखडलेलाच. प्रत्येक शॉटआधी बॅटरीची रेघ बघायची, मग विचार करायचा, हा घ्यावा का. शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. नवरीच्या आजीनं अक्षतांची मूठ वळली होती, तिचं ते सुरकुतलेलं मनगट मला फार आवडलं. मूठ उघडायची वाट बघत मी तिथंच थांबलो. मूठ उघडली, तशी वाजंत्री सुरू झाली. माझी पाठ नवरा-नवरीकडं.

"ओ शूटिंगवाले!" नवरदेवाचा मामा ओरडला. "लगीन हिकडं हाय!"

अंतरपाट परत धरावा लागला आणि अक्षता पुन्हा वाटाव्या लागल्या.