दूध आलं होतं का?

रक्तातलं सोडियम ११४, फारच कमी. लॅबवाल्याला आकडा पटेना म्हणून त्यानं नमुना पुन्हा लावला, तेच आलं. बाई जेमतेम चाळिशीच्या, जुलाब-उलट्यांनंतर गुंगीत गेलेल्या. बीपी ८०/५०, साखर ५४. नवऱ्यानं आणलेल्या जाडजूड फायलीत रक्तवाढीच्या गोळ्या, सलाइनच्या चिठ्ठ्या आणि 'मनावर घेतलंय' म्हणून दिलेली झोपेची गोळी.

जुलाबानं सोडियम उतरतं, पण सलाइनची बाटली संपत आली तरी बीपी जागचं हलेना. कॉर्टिसोल, म्हणजे आजारपणात बीपी आणि साखर सावरणारं हार्मोन, कमी असावं अशी शंका आली. मात्र ते बनवणाऱ्या, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतः बिघडल्या असत्या, तर कातडी, हिरड्या काळवंडल्या असत्या आणि पोटॅशियम चढलं असतं. इथं पोटॅशियम नॉर्मल, आणि बाई मेणासारख्या फिकट. चेहरा सुजलेला, काखेत केस नाहीत. फायलीत 'थायरॉइड नॉर्मल' होतं, पण तपासलं होतं फक्त टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन.

सासूबाईंना विचारलं, "शेवटचं बाळंतपण कसं झालं होतं?"

"लई अंगावरून गेलं हो. बेशुद्धच पडली. रगात चढवावं लागलं."

"मग बाळाला दूध आलं होतं का?"

"थेंब नाही. शेळीच्या दुधावर जगवलाय पोरगा. आता नववीत हाय."

"आणि पाळी?"

"तवापासून नाहीच. आम्ही म्हटलं, सुटली बिचारी."

एवढी वर्षं, एवढे डॉक्टर, आणि निदान या माउलीच्या तोंडात तयार होतं! गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी फुगते, कारण दुधाची तयारी करणाऱ्या पेशी वाढतात. तिला रक्त मिळतं ते मुख्यतः कमी दाबाच्या शिरांमधून. बाळंतपणात खूप रक्तस्राव होऊन बीपी कोसळलं, की ही वाढलेली ग्रंथी उपाशी मरते. मग ॲड्रिनल, थायरॉइड आणि पाळी यांना हुकूम देणारं कुणी उरत नाही. शीहान यांनी १९३७ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हा शीहान सिंड्रोम. टीएसएच ही ग्रंथीच तयार करते. ती मेली, तर थायरॉइड कितीही मंदावलं तरी टीएसएच वाढणार कुठून? कारकूनच गैरहजर असेल, तर तक्रारवही कोरीच राहणार.

कॉर्टिसोल आणि फ्री टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) यांसाठी रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसोल, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, सोबत ग्लुकोज. आमच्या तरुण डॉक्टरांना थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं औषधही लगेच सुरू करायचं होतं. मी थांबवलं. थायरॉक्सिननं शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसोलही लवकर संपतं आणि पेशंट आणखी कोसळतो. आधी कॉर्टिसोल, थायरॉक्सिन नंतर. हा क्रम चुकवायचाच नाही.

खरी कसोटी रात्री लागली. कॉर्टिसोल नसलं की शरीर पाणी धरून ठेवतं. ते मिळताच सोडायला लागतं. लघवीची पिशवी भराभर भरू लागली. बीपी सुधारलं म्हणून सगळे खूश, मी मात्र सोडियमच्या धास्तीत. ते चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढलं, तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला इजा होऊ शकते. म्हणून दर चार तासांनी तपासणी, आणि वेग आवरायला पाच टक्के डेक्स्ट्रोज. सकाळी सोडियम १२०. सिस्टर सांगत आल्या, "मॅडम, त्या पेजेत मीठ नाही म्हणून भांडतायत."

नंतर दोन्ही रिपोर्ट अपेक्षेप्रमाणे कमीच आले.

घरी जाताना नवरा अडून बसला. "स्टेरॉइड जन्मभर? किडनी जाईल ना!" त्याला समजावलं, की तुमच्या-माझ्या शरीरात हे रोज बनतं, तिच्यात बनत नाही, प्रेडनिसोलोनची पाच मिलिग्रॅमची गोळी साधारण तेवढीच भर घालते. ताप आला तर डोस दुप्पट, उलट्यांमुळे गोळी ठरत नसेल तर इंजेक्शन, मनानं बंद तर कधीच नाही. हे मराठीत लिहून, लॅमिनेट करून दिलं.

पुढच्या भेटीला सासूबाई धाकट्या सुनेलाही घेऊन आल्या. "हिचंबी बाळंतपणात लई गेलंय. दूध येतंय, पण बघून घ्या एकदा."

दूध येतंय म्हटल्यावर माझी निम्मी काळजी मिटली होती. तरी बीपी बघितलं आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं.